आयडी उडवला, कारण नाही कळवलं!

मंडळी, मराठी आंतरजालावर थोडे दिवस जरी वावरला असाल तर "अमक्याचा आयडी उडाला" हे वाक्य तुमच्या कानावर आलेलं असणारच. क्रियापद बघा काय निवडलंय! उडाला. जसा फ्यूज उडतो, किंवा गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल उडून शेजारच्या बिल्डिंगच्या छपरावर जाऊन पडतो. कोणी उडवला, कशासाठी, किती दिवसांसाठी, हे सगळं त्या एका अकर्मक क्रियापदाच्या पोटात गडप.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस ठरलेले असतात. काल रात्रीपर्यंत हिरिरीने वाद घालणारा माणूस आज गायब. मग व्यनि सुरू होतात. "काय झालं रे?" "अरे, अ‍ॅडमिनच्या मित्राशी भांडला ना!" "छे, तो डूआयडी होता म्हणे." "मी तर ऐकलं की कुणा बाईंना काहीतरी भलतंच लिहिलं होतं." यातलं खरं काय ते कुणालाच माहीत नसतं, पण प्रत्येकाकडे आपापली आवृत्ती असते. आठवड्याभरात त्यातली सगळ्यांत चटकदार आवृत्ती इतिहास म्हणून रूढ होते. बिचाऱ्याने कदाचित तीनदा सांगूनही आपल्या क्लासची जाहिरात टाकली असेल, एवढंच. पण तोवर तो अर्ध्या लोकांच्या लेखी हुतात्मा आणि उरलेल्यांच्या लेखी लंपट झालेला असतो.

आधीच स्पष्ट करतो, बंदी घालायला माझा अजिबात विरोध नाही. ज्या समूहातून कुणालाच काढलं जात नाही तिथून चांगली माणसं आपणहून निघून जातात, आणि ती जाताना दार आपटून जात नाहीत, त्यामुळे गेलेली कळतही नाहीत. काढा, जरूर काढा. पण का काढलं ते चारचौघांत सांगा. आणि हे कारण काढलेल्या माणसाच्या समाधानासाठी नसतं (त्याचं समाधान ब्रह्मदेवही करू शकणार नाही). ते मागे उरलेल्यांसाठी असतं.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण या विषयावरची बहुतेक चर्चा काढलेल्या माणसाच्या हक्कांभोवतीच फिरते. युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टमध्ये (फेब्रुवारी 2024 पासून पूर्ण लागू) कलम 17 म्हणतं की खातं बंद केलं किंवा मजकूर काढला तर त्या माणसाला स्पष्ट कारण द्या, कुठल्या नियमाखाली ते सांगा, निर्णय यंत्राने घेतला असेल तर तेही सांगा, दाद कुठे मागायची ते सांगा. आपल्याकडच्या 2021 च्या आयटी नियमांतही मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी स्वतःहून मजकूर काढताना कारण कळवावं असं आहे. छानच आहे. पण हे सगळं कंपनी आणि तो एक माणूस यांच्यातलं पत्र झालं. कोट्यवधी लोकांच्या प्लॅटफॉर्मवर ते पुरतंही, कारण तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. पाचशे लोकांच्या समूहात, जिथे लोक एकमेकांना नावानिशी ओळखतात, तिथे एक माणूस काढला की उरलेले 499 जण त्यातून काहीतरी शिकतातच. काय शिकतात, एवढाच प्रश्न असतो. कारण सांगितलं तर नियम शिकतात. नाही सांगितलं तर भीती शिकतात.

आता समूहचालकांची नेहमीची उत्तरं बघू.

पहिलं उत्तर: "हे आमचं घर आहे, आम्ही वाटेल त्याला काढू." कबूल. हक्क आहेच. पण समजा तुमच्या घरी साठ पाहुणे बसलेत. तुम्ही एकाची कॉलर धरून त्याला बाहेर काढलंत, दार लावलंत, आणि हात झटकत आत येऊन म्हणालात, "हं, भजी घ्या ना, गार होतायत." कोणाच्या घशाखाली भजी उतरेल? आणि मुळात ही घराची उपमाच जरा लंगडी आहे. भजी तुम्ही तळलेली नाहीत. सर्व्हरचं बिल तुम्ही भरता हे मान्य, पण तिथे जे वाचायला लोक येतात ते सगळं त्या साठ जणांनीच लिहिलेलं असतं. शिधाही त्यांचा आणि आचारीही तेच. मालकाचं फार तर कार्यालय.

दुसरं उत्तर: "आम्ही स्वयंसेवक आहोत, वेळ नाही." हे मला पटतं, आणि त्याचबरोबर पटत नाही. मीही नोकरी सांभाळून एका ट्रेकिंगच्या समूहाची उठाठेव बरीच वर्षं करतोय. वेळ कुठे जातो ते मला चांगलं माहीत आहे. चार ओळींचं कारण लिहायला दहा मिनिटं लागतात. ते न लिहिल्यामुळे येणाऱ्या चाळीस "काय झालं हो?"ना एकेकट्याने, प्रत्येकाला थोडं वेगळं उत्तर देत बसायला अख्खा रविवार जातो. वर त्या चाळीस उत्तरांचे स्क्रीनशॉट फिरतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत ते वेगळंच.

तिसरं उत्तर हल्ली व्हॉट्सअ‍ॅपमुळे फार ऐकू येतं: "उद्या पोलीस आले तर अ‍ॅडमिनला धरतील, म्हणून काढलं." मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली स्पष्ट म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, अ‍ॅडमिनचा त्यात समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, नुसता तो अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा काका, सोसायटीच्या पार्किंगवरून प्रश्न विचारणाऱ्या माणसाला काढताना निदान पोलिसांचं नाव पुढे करू नका.

चौथं उत्तर मात्र खरंच विचार करण्यासारखं आहे. "कारण सांगितलं की वाद वाढतो. प्रत्येक शब्दाचा कीस पाडला जातो. 'मग तमक्याला का नाही काढलं?' सुरू होतं." होतं, हे खरंच होतं. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. कारण सांगणं वेगळं आणि त्यावर वाद घालत बसणं वेगळं. क्रिकेटचं स्कोअरबुक आठवा. अंपायर बोट वर करतो, फलंदाजाशी हुज्जत घालत नाही. तरीही स्कोअरबुकात प्रत्येक विकेटपुढे लिहिलेलं असतं: पायचीत, झेलबाद, धावचीत, आणि कोणी काढली. "बाद" एवढंच लिहून पुढे गेलेलं स्कोअरबुक गल्लीतल्या मॅचमध्येसुद्धा कोणी मान्य करणार नाही.

असो. आता जरा इतिहासात शिरू, कारण हा प्रश्न आपल्या पिढीने शोधून काढलेला नाही.

1990 च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस नावाच्या माणसाने लॅम्डामू नावाचं एक जग सुरू केलं. चित्रं वगैरे काही नाही, नुसता मजकूर. टेलनेटने आत शिरायचं, एक पात्र घ्यायचं, खोल्यांमधून हिंडायचं, गप्पा मारायच्या. ज्यांच्या हातात सिस्टमच्या चाव्या होत्या त्यांना तिथे 'विझर्ड' म्हणत. 1992 च्या शेवटी कर्टिसने जाहीर केलं की विझर्ड यापुढे फक्त तांत्रिक बाजू बघतील, सामाजिक भांडणं तुमची तुम्ही सोडवा. ऐकायला अगदी उदात्त वाटतं ना?

1993 च्या मार्चमध्ये मिस्टर बंगल नावाच्या एका पात्राने एक छोटा प्रोग्राम वापरून दुसऱ्या पात्रांच्या नावाने भर दिवाणखान्यात अत्यंत किळसवाणी लैंगिक वर्णनं छापायला सुरुवात केली. पात्रं खोटी असली तरी त्यांच्यामागची माणसं खरी होती आणि त्यांना झालेला त्रासही. मागणी झाली की याला 'टोड' करा. (बेडूक करणे! जुन्या मजकुरी खेळांमधून आलेला शब्द. लॅम्डामूमध्ये त्याचा अर्थ खातं कायमचं पुसणे.) ऑनलाइन सभा भरली. कोणी म्हणे नियमच नाही तर शिक्षा कशी, कोणी म्हणे खऱ्या जगातल्या विद्यापीठाकडे तक्रार करा, कोणी म्हणे दुर्लक्ष करा. मधेच खुद्द बंगल येऊन टपकला आणि हा आपला मानसशास्त्रीय प्रयोग होता अशा छापाचं काहीतरी बरळून गेला. सभा काहीही न ठरवता संपली. आणि मग सभेला हजर असलेल्या एका विझर्डने, कुणालाही न विचारता, एकट्यानेच कळ दाबली. बंगल संपला.

ज्युलियन डिबेल या पत्रकाराने ही सगळी हकिगत डिसेंबर 1993 मध्ये 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये लिहिली. ऑनलाइन समाजाबद्दल काही म्हणायचं असेल तर ती आजही वाचण्यासारखी आहे. माझ्यासाठी तिच्यातला रस शिक्षेत नाही, तिच्यानंतर काय झालं त्यात आहे. बंगलला काढल्याबद्दल हळहळणारे फारसे कोणी नव्हते. पण एका माणसाने एकट्याने ठरवलं, हे टोचत राहिलं. कर्टिसने मग अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली: ज्यासाठी विझर्डची ताकद लागते असा कोणताही सामाजिक निर्णय लोकांनी मतदानाने घ्यावा. तीही फार टिकली नाही. 1996 मध्ये विझर्डांनी पुन्हा जाहीर केलं की तांत्रिक आणि सामाजिक असा भेद आम्हाला पाळता येत नाही, काही निर्णय आम्हीच घेऊ.

म्हणून मी बंदीसाठी मतदान घ्या असं म्हणत नाहीये. मतदानाने हाकलणं अथेन्सवाल्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी करून बघितलंय. खापराच्या तुकड्यावर नाव खरडायचं, 6000 खापऱ्या जमल्या की ज्याचं नाव जास्त तो दहा वर्षं शहराबाहेर. आरोप नाही, बचाव नाही, कारण नाही. प्लुटार्क सांगतो की एका निरक्षर माणसाने खुद्द अ‍ॅरिस्टायडीझलाच, तो कोण हे न ओळखता, खापरी पुढे करून "यावर अ‍ॅरिस्टायडीझ लिही" म्हटलं. का रे बाबा? तर सगळीकडे त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतात ते ऐकून कंटाळा आला! (आपल्याकडच्या कंपूबाजीशी काही साम्य आढळल्यास योगायोग समजावा. ह. घ्या.) तरी अथेन्सचं एक बरं होतं. मुदत ठरलेली होती आणि मालमत्ता शाबूत राहायची. आपल्याकडे आयडी उडाला की दहा वर्षांचं लिखाणसुद्धा कित्येकदा सोबत उडतं.

तर निर्णय थोड्यांनीच घ्यावा. कारण मात्र सगळ्यांना कळावं. हे प्रत्यक्षात जमतं का? जमतं, आणि तेही प्रचंड प्रमाणावर. विकिपीडियावर जा. कुठल्याही सदस्याला अडवलं की त्याची नोंद होते: कोणत्या प्रचालकाने, किती काळासाठी, काय कारण. ही नोंद तुम्हीआम्ही कोणीही उघडून वाचू शकतो. सॉफ्टवेअरच तसं लिहिलंय. अडवण्याच्या फॉर्मवर मुदतीचा रकाना आहे, कारणाचा रकाना आहे. इंग्रजी विकिपीडियावर अडवलेल्या माणसाला सहसा स्वतःच्या चर्चापानावर लिहायची मुभा ठेवतात, तिथे तो दाद मागतो, आणि ती ज्याने अडवलं त्याने नव्हे तर दुसऱ्या प्रचालकाने बघायची असा संकेत आहे. अडवणं हे पुढचं नुकसान टाळण्यासाठी, सूड म्हणून नाही, हे धोरणात लिहिलेलं आहे. आपण प्रोग्रॅमर लोक ज्याला लॉग म्हणतो तो हाच. ज्या सिस्टममध्ये एरर येते पण लॉगमध्ये काही नाही, ती रात्री दोन वाजता दुरुस्त करायची वेळ ज्याच्यावर आलीये त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

पण विकिपीडियावरचंच दुसरं प्रकरण माझ्या बाजूला सगळ्यांत अवघड जातं, म्हणून तेही सांगायला हवं. जून 2019 मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने (म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या मूळ संस्थेने) इंग्रजी विकिपीडियावरच्या एका जुन्या, फार सक्रिय प्रचालकावर वर्षभराची बंदी घातली. एरवी असे निर्णय तिथले स्वयंसेवकच घेतात. या वेळी निर्णय वरून आला, आणि कारण उघड सांगता येणार नाही म्हणून सांगितलं गेलं, कारण तक्रार करणाऱ्यांची ओळख जपायची होती.

बरं, ही सबब खोटी नव्हती. ज्या बाईने, किंवा ज्या कोणी, छळाची तक्रार केली असेल तिचं नाव बाहेर आलं तर पुढचे सहा महिने तिचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांना वाटतं की "सगळं उघड करा, पारदर्शकता!" त्यांनी एकदा तक्रार करणाऱ्याच्या जागी बसून बघावं. अशा वेळी चारचौघांत पुरावा मांडणं हा दुसरा छळच.

तरी काय झालं? कारण नाही म्हटल्यावर लोकांनी कारणं तयार केली. तक्रार कोणी केली असेल याचे तर्क सुरू झाले. म्हणजे जी ओळख जपायची होती तिच्याच मागे लोक हात धुऊन लागले. वीसहून अधिक प्रचालकांनी निषेध म्हणून आपले अधिकार सोडले. शेवटी फाउंडेशनने कागदपत्रं, नावं झाकून, तिथल्या निवडून आलेल्या लवाद समितीकडे दिली. समितीने ती वाचली आणि सप्टेंबरमध्ये बंदीची गरज नव्हती म्हणून ती उठवली. प्रचालकपद मात्र परत दिलं नाही.

माझ्या मते यातून "गोपनीयता पाळू नका" हे निघत नाही. निघतं ते असं, की पुरावा झाकायचा असेल तर बाकी सगळं दुप्पट उघडं हवं. कोणी ठरवलं, किती जणांनी ठरवलं, कुठल्या प्रकारच्या नियमाचा भंग झाला, किती काळासाठी, आणि निर्णय घेणाऱ्यांखेरीज आणखी कोणी ते कागद बघितलेत. "छळाची तक्रार होती. आम्ही तिघांनी संदेश वाचले. तक्रारदाराच्या इच्छेने तपशील देत नाही. समूहाबाहेरच्या एका व्यक्तीलाही ते दाखवले आहेत." एवढं वाचून वादाला आग लागायची ती थोडी तरी कमी लागते, आणि तक्रारदाराकडे बोट जात नाही. फाउंडेशनने लवाद समितीला कागद आधी दाखवले असते तर तो जून बराच शांत गेला असता असं मला वाटतं.

कारणं दिल्याने खरोखर फरक पडतो का याचा कोणी अभ्यास केलाय का? केलाय. रेडिटवरच्या सव्वातीन कोटींच्या आसपास लेखांवर शगुन जव्हेर आणि सहकाऱ्यांनी 2019 साली काम प्रसिद्ध केलं. लेख काढताना ज्यांना कारण मिळालं त्यांचे पुढचे लेख काढावे लागण्याची शक्यता कमी झाली. आणि गंमत म्हणजे कारण माणसाने लिहिलं की बॉटने, याने खास फरक दिसला नाही. 2024 मध्ये त्यांनीच, वेगळ्या सहकाऱ्यांबरोबर, उलट बाजू तपासली: ज्यांचा लेख काढलाच नाही, ज्यांनी दुसऱ्याला दिलेलं कारण नुसतं वाचलं, त्यांचं काय? ते आधीपेक्षा जास्त लिहू लागले, जास्त मिसळू लागले. हे लेख काढण्याबद्दल आहे, माणूस काढण्याबद्दल नाही, हा फरक लक्षात ठेवूनही मला यात माझं म्हणणं दिसतं. बघ्यांना नियम कळला की ते मोकळे होतात.

आता सगळ्यांत वाईट प्रकाराकडे वळतो. शॅडोबॅन. जुन्या काळी व्हीबुलेटिन सॉफ्टवेअरमध्येच याची सोय होती. माणसाला काढायचंच नाही. तो लिहितो, त्याचं लिखाण त्याला दिसतं, बाकी कोणालाच दिसत नाही. तो आपला वाट बघत बसतो, कोणी उत्तर का देत नाही म्हणून. स्पॅम टाकणाऱ्या बॉटसाठी हे ठीक आहे, यंत्राला कसलं आलंय कारण. पण हाडामांसाच्या माणसाला असं वागवणं म्हणजे पंगतीत बसवायचं, पान मांडायचं, आणि वाढप्याला सांगून ठेवायचं की याच्यापुढून सरळ पुढे जा. रेडिटने 2015 च्या नोव्हेंबरात खऱ्या माणसांसाठी हे थांबवून उघड निलंबनाची पद्धत आणली, तेही बऱ्याच बोंबाबोंबीनंतर. काही चालक मला सांगतात, "पण त्यामुळे भांडण होत नाही." हो ना. तोंड दाबल्यावर ओरडणं ऐकू येत नाहीच.

आपल्याकडे याला एक जुना शब्द आहे, वाळीत टाकणे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा, जो जुलै 2017 मध्ये लागू झाला. तो गावकी आणि जातपंचायतीसाठी आहे, इंटरनेटवरच्या कट्ट्यांना मी तो लावत नाहीये. कट्ट्यावरून काढलेल्या माणसाचं पाणी तुटत नाही की मुलीचं लग्न अडत नाही. पण बहिष्काराच्या इतिहासात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी या इरसाल गृहस्थांनी हजेरीची यादी वर्तमानपत्रात छापवली आणि शहरात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशीला शास्त्री नेमले. कोण नुसता हजर होता, कोणी चहा प्यायला, याचा काथ्याकूट झाला, टिळकांनी शास्त्राधार काढून आपली बाजू लढवली, आणि ज्याला परतायचं त्याला प्रायश्चित्ताची वाट होती. 1892 मध्ये रानड्यांनी ते घेतलंही. गुन्हा काय, तर चहा! आज हसू येतं, आणि ती व्यवस्था मला एक दिवसही नको. पण त्या शास्त्र्यांनासुद्धा आरोप काय, पुरावा काय, बचाव काय आणि परत येण्याची वाट कोणती, हे चार प्रश्न टाळता आले नाहीत. आणि आपण 21 व्या शतकातले उदारमतवादी समूहचालक, एक कळ दाबून झोपायला जातो.

मग लिहायचं काय? नमुना म्हणून आधी कसं लिहू नये ते बघा. असं काहीतरी मी फार ठिकाणी वाचलंय: "काही सदस्य सातत्याने समूहाचं वातावरण बिघडवत होते. वारंवार समज देऊनही फरक न पडल्याने नाइलाजाने कारवाई करावी लागली. सुज्ञांस सांगणे न लगे." यात नाव नाही, कृती नाही, नियम नाही, मुदत नाही, लिहिणाऱ्याची सही नाही. 'वातावरण' हा शब्द तर हवामान खात्याकडे परत करावा. आणि "सुज्ञांस सांगणे न लगे" म्हणजे ज्याला कळलं नाही तो मूर्ख, असा वर दम.

त्याऐवजी असं लिहून बघा. "अमुक यांना आजपासून 30 दिवसांसाठी लिहिण्यास बंदी आहे. 3 तारखेला आणि 9 तारखेला त्यांनी दुसऱ्या सदस्याचा खाजगी फोन नंबर समूहात टाकला (नंबर काढून बाकी संदेश तसेच ठेवले आहेत). नियम 4. पहिल्या वेळी आम्ही ताकीद दिली होती. त्यांचं आधीचं लिखाण जागेवर राहील. निर्णय मी आणि दुसऱ्या संपादकांनी मिळून घेतला. दाद मागायची असल्यास तिसऱ्या संपादकांना लिहावं." खाली सही. बस्स. यात माणूस कसा आहे याबद्दल एक अक्षर नाही, फक्त त्याने काय केलं ते आहे. "विकृत मनोवृत्ती", "ट्रोल", "काड्या घालणारा" ही विशेषणं एकदा लिहिली की माणूस तिसाव्या दिवशी परत येऊच शकत नाही, आणि आला तर डूआयडी घेऊन येतो. लॅम्डामूवाला बंगलसुद्धा नवं नाव घेऊन परत आलाच होता.

कायमची बंदी घालायची वेळ येते तेव्हा तसं स्पष्ट लिहा, पण माझा अनुभव असा की बहुतेक भांडखोर माणसं महिन्याभरात निवतात आणि त्यातली निम्मी परत आल्यावर उपयोगीच पडतात. गडवाटांची बारीकसारीक माहिती असणारे लोक फारसे गोड स्वभावाचे नसतात, हे ट्रेकर मंडळींना सांगायला नको.

आणि हे एकदा लिहून झालं की त्याखाली वाद घालत बसू नका. प्रश्न आले तर वाचा, चूक निघाली तर नोंदीतच दुरुस्त करा, बाकी गप्प राहा. काढलेला माणूस दुसरीकडे जाऊन तुमच्याबद्दल काय वाटेल ते लिहील, लिहू द्या. वाचणाऱ्याला पडताळायला तुमच्याकडे तारीख आणि नियम असलेली नोंद उभी आहे.

तिसरा संपादकच नाही, आम्ही एक-दोघंच आहोत, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी दुसऱ्या एखाद्या समूहाच्या चालकाशी बोलून ठेवावं: तुमची अपिलं मी बघतो, माझी तुम्ही बघा. मी अशी अदलाबदल गेली काही वर्षं एका सायकलवाल्या मंडळींच्या चालकाशी करतोय. वर्षाकाठी दोन-तीन प्रकरणं येतात, प्रत्येकी अर्धा तास लागतो. मागच्या खेपेला त्यांनी माझी एक बंदी 60 दिवसांवरून 15 वर आणली. मला ते पटलं नाही, पण नोंदीत 15 लिहिलं.